विश्लेषण : पुणेरी पलटण अव्वल ठरूनही करंडक दिल्लीकडे का गेला?

प्रो कबड्डी लीगच्या 12व्या हंगामात साखळीतील 18 पैकी 13 सामने जिंकत पुणेरी पलटणने गुणतालिकेत पहिले स्थान पटकावले. दबंग दिल्लीचेही तेवढेच विजय होते, पण गुणफरकात पलटण सरस ठरली. मात्र 31 ऑक्टोबर 2025 रोजी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये झालेल्या अंतिम सामन्यात पलटणला 28-31 असा पराभव पत्करावा लागला. कर्णधार अस्लम इनामदार श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभानचा. त्यामुळे बेलापूर-श्रीरामपूर परिसरासाठी हा संघ केवळ पुण्याचा नाही.

त्याआधीच्या हंगामात काय बिघडले होते?

1 मार्च 2024 रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे नमवून पलटण प्रथमच विजेती ठरली. अस्लम त्या 10व्या हंगामाचा सर्वात मौल्यवान खेळाडू होता. पुढच्याच हंगामात संघ आठव्या क्रमांकावर घसरला. पकडींचे 99 गुण मिळवणारा इराणचा मोहम्मदरेझा शादलुई लिलावात 2.07 कोटींना हरियाणाकडे गेला होता आणि गुडघ्याच्या दुखापतीमुळे अस्लमचा हंगाम अर्ध्यावरच संपला. शादलुईच्या हरियाणाने विजेतेपद मिळवले तेही पुण्यात, बालेवाडीला. पलटण तोवर स्पर्धेबाहेर गेली होती.

यंदा फरक कशामुळे पडला?

2016च्या विश्वविजेत्या भारतीय संघातील अजय ठाकूर प्रशिक्षक म्हणून आला. अस्लम, पंकज मोहिते, गौरव खत्री, अबिनेश नादराजन हा जुना गाभा संघाने टिकवला. खरा लाभ झाला तो आदित्य शिंदेचा. तेलुगू टायटन्सविरुद्धच्या दुसऱ्या क्वालिफायरमध्ये सुरुवातीला मागे पडूनही पलटण 50-45 अशी जिंकली, त्यात आदित्यचे 22 गुण होते. एक चढाईपटू जायबंदी झाला की संघ कोलमडतो, ही 11व्या हंगामातली अडचण यंदा दिसली नाही.

नव्या नियमांचा फटका बसला का?

काही प्रमाणात, हो. पूर्वी विजयाला 5 आणि बरोबरीला 3 गुण मिळत. सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास एक गुण पदरात पडे. आता विजयाला 2 गुण, पराभवाला शून्य आणि बरोबरी नाहीच. सामना बरोबरीत सुटला की दोन्ही संघांना आलटून पालटून पाच-पाच चढाया मिळतात. त्यात कोणी बाद होऊन बाहेर जात नाही, फक्त गुण मोजले जातात आणि निदान रेषाच बोनस रेषा धरली जाते. चाळीस मिनिटांत उभारलेला बचाव इथे फारसा कामी येत नाही. पहिल्या क्वालिफायरमध्ये पलटण आणि दिल्ली 34-34 अशी बरोबरी झाली आणि या टायब्रेकरमध्ये दिल्लीने 6-4 अशी बाजी मारली. दिल्ली थेट अंतिम फेरीत गेली. पलटणला टायटन्सशी एक सामना जास्त खेळावा लागला.

मोक्याच्या क्षणी पलटण कच खाते?

हा शेरा घाईचा वाटतो. पलटणची ही चार हंगामांतील तिसरी अंतिम फेरी. 9व्या हंगामात जयपूरकडून 29-33 अशी हार, 10व्यात 28-25 असा विजय, आता 28-31. म्हणजे फरक कधी चार गुणांचा, कधी तीन. एका लोणचे दोन जादा गुण मिळतात, त्यात एखादी यशस्वी चढाई मिळवली की हिशेब तिथेच संपतो.

तरी शेवटच्या मिनिटांचा प्रश्न उरतोच. अंतिम सामन्यात आदित्यने 10 गुण मिळवले, पण निर्णायक क्षणी दिल्लीच्या फझल अत्राचलीने त्याची पकड केली. हाच फझल 9व्या हंगामात पलटणचा कर्णधार होता! दोन गुणांनी मागे असताना, घड्याळात काही सेकंद उरलेली, तेव्हा चढाईला कोणी जायचे? बाहेरून अनुभवी चढाईपटू आणायचा की आदित्यलाच आणखी एक हंगाम द्यायचा, हे पलटणला पुढच्या लिलावाआधी ठरवावे लागेल.