पांढरी पाचच्या जरा वरची घरघर

गेल्या रविवारी संध्याकाळी शेजारच्या इमारतीतला मुलगा गिटार पाठीला लावून आला. दारातूनच म्हणाला, "काका, हिची घरघर थांबतच नाही. दुकानात सांगतात, नॉइज गेट घ्या, आवाज बंद होईल." मी म्हटलं, पैसे खिशातच ठेव, आधी तुझ्या घरी जाऊ. अशा आवाजाचं मूळ बहुतेक वेळा जागेत असतं. गिटार माझ्या टेबलावर आणून ते सापडणार नाही.

त्यांच्या खिडकीतून रूळ दिसतात. आईचं मत आधीच पक्कं होतं: "रेल्वेच्या तारेमुळे होतं हो भाऊ हे." शंका अगदीच वेडी नव्हती. आपल्या मार्गावर पूर्वी १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. आता २५ हजार व्होल्टचा एसी आहे, तोही घरच्या विजेसारखाच सेकंदाला ५० आवर्तनांचा. म्हणून आम्ही कर्जत लोकलची वाट बघत थांबलो. लोकल शेलूला थांबली, सुटली, नेरळच्या दिशेने निघून गेली. घरघर आधी होती तेवढीच राहिली. रेल्वे निर्दोष सुटली.

मग नुसतं ऐकलं. ही पायरी सगळेच गाळतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे. भजनाच्या पेटीवर ज्यांचा हात बसलाय त्यांनी घरघरीचा सूर लावून बघावा. पांढरी पाचच्या किंचित वर तो सापडेल. त्या पट्टीच्या खालच्या सप्तकात ४९ आवर्तनं, आपल्या विजेची ५०. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, म्हणून तिथली घरघर काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे कुठेतरी लागते. सूर गोल, खर्जाचा असेल तर तो ट्रान्सफॉर्मरकडून किंवा अर्थिंगकडून येतोय असं समजावं. त्यात करवतीसारखी खरखर असेल तर दिव्याचा डिमर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्तातला एलईडी यांच्यावर संशय घ्यावा. इथे दोन्ही होतं. पंखा बंद केला तशी खरखर गेली. खर्ज राहिला.

गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या तारेचे सात-आठ हजार वेढे. स्टीलची तार वर हलली की त्या वेढ्यांत वीज उठते आणि अँप तिचा आवाज करतो. पण वेढ्यांना तार आणि टीव्हीचा अडॅप्टर यांतला फरक कळत नाही. सेथ लव्हर नावाच्या गिब्सन कंपनीतल्या इंजिनियरने १९५५ साली यावर उपाय शोधला. दोन वेटोळी शेजारी ठेवायची, त्यांचे वेढे उलटसुलट आणि चुंबकही उलटसुलट. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, घरघर एकमेकींना खाऊन टाकते. या मुलाची गिटार एका वेटोळ्याची होती. तिच्या आवाजाला जी धार असते ती हवी म्हणूनच लोक ती घेतात, तेव्हा पिकअप बदल असं मी त्याला सांगितलं नाही.

वायर अँपमधून काढली, अँप गप्प. म्हणजे अँप ठीक. वायर परत लावली आणि त्याला गिटार गळ्यात घालून जागच्या जागी फिरायला सांगितलं. टीव्हीकडे तोंड केलं की घरघर वाढायची, काटकोनात वळला की उतरायची. जागा बदलून एवढा भाग मिटला. मग तारांवर तळवा ठेवायला लावला. काहीच फरक नाही. वायरच्या पिनेच्या धातूला बोट लावलं, तर घरघर निम्मी! दोष सापडला. भिंतीतल्या वायरींमधली वीज माणसाचं अंग अँटेनासारखं गोळा करत असतं. तारांना हात लागला की ती अर्थला निघून जायला हवी. इथे तारांचा आणि अर्थचा संबंधच तुटला होता.

मागचं झाकण उघडलं. स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवलेल्या असतात तिच्यापाशी एक बारीक काळी वायर सुटी लोंबत होती, टोकाला हिरवा गंज. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमटपणात सोल्डर कच्चं असेल तर असंच होतं. पट्टी पॉलिश पेपरने घासली, वायरचं टोक नवं काढलं, डाख दिला. पोराने तारांवर हात ठेवला आणि खर्ज खाली बसला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

निघताना माझं मनगट अँपच्या पत्र्याला घासलं आणि मुंग्या आल्या.

त्या मुंग्यांपुढे गिटारची घरघर किरकोळ आहे. बोर्डात मल्टीमीटर घातला. फेज-न्यूट्रल २३२, फेज-अर्थ मात्र ९० च्या आसपास डोलत होतं. म्हणजे तिसरं भोक नावापुरतं. दुसऱ्या दिवशी वायरमनला घेऊन मीटरच्या खोलीत गेलो. अर्थची पट्टी नटापासून सुटलेली. बाहेर कोळसा-मिठाचा खड्डा कुंड्यांखाली गाडलेला आणि मे महिन्यात ठणठणीत कोरडा. पट्टी साफ करून आवळली, खड्ड्यात बादल्यांनी पाणी ओतलं. आता फेज-अर्थही २३० च्या घरात आलं, मुंग्या गेल्या आणि उरलीसुरली घरघरही.

नॉइज गेटला माझा विरोध यासाठीच आहे. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो दार लावून घेतो, एवढंच त्याचं काम. तुम्ही वाजवायला लागलात की दार उघडतं आणि सुराबरोबर घरघरही आत येते. शिवाय पत्र्यावरची वीज तशीच राहते. त्याहून घातक सल्ला म्हणजे प्लगची तिसरी पिन काढून टाका. दोन अँप दोन वेगळ्या बोर्डांवर असले की त्या पिनेमुळे कधी कधी घरघर येते, हे खरं आहे. दोन्ही अँप एकाच बोर्डावर लावा, ती जाते. ती पिन लांब केलेली असते ती आत जाताना सगळ्यांत आधी टेकावी म्हणून. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वे हा गिटारवादक भर मंचावर विजेचा धक्का लागून गेला. मायक्रोफोनचं अर्थिंग नव्हतं.

वांगणी, शेलू, नेरळ पट्ट्यात आज हजारो कुटुंबं नवं घर घेताहेत. टाइल्स बघतात, गॅलरीतून माथेरान दिसतं का ते बघतात. माझी कळकळीची विनंती आहे, ताबा घेताना अर्थिंगचं मोजलेलं रीडिंग कागदावर मागा आणि वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवलाय का ते विचारा. त्याचं टेस्टचं बटण स्वतः दाबून बघा.

याच आठवड्यात जवळच्या एका पाड्यावर हळदीला गेलो होतो. टेम्पोत बँजो पार्टी, मागे जनरेटर. आपल्या लग्नांतला हा बँजो मूळचा जपानी. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारख्या कळा लावून ताईशोगोतो केलं, त्याचा हा वंशज, आणि त्याच्यातही गिटारसारखाच पिकअप असतो. वाजवणारे दादा दोन गाण्यांच्या मधे मनगट वायरच्या पिनेच्या धातूवर दाबून ठेवत होते. उचललं की घरघर. म्हणाले, "सवयच झालीय, बारा वर्षं असाच वाजवतोय." वाद्य उलटं करून पाहिलं. वाद्याचा पत्रा आणि तारा कशालाच जोडलेल्या नव्हत्या. माझ्या पिशवीत वीतभर वायर होती, सोल्डर तापवायला जनरेटर होताच. वायर लावून वाद्य परत दिलं. पुढचं गाणं सुरू करण्याआधी दादांनी दोन्ही हात उचलून हवेत धरले आणि थोडा वेळ नुसतं ऐकत राहिले.