आवर्तन आणि अट

कालव्यास पाणी सुटले की लोणी काळभोरच्या शिवारात 'आवर्तन आले' असे म्हणतात. मंजूर अर्जांवरून शेजपाळी तयार होते, कोणाच्या रानात केव्हा पाणी जावयाचे ते तीत ठरलेले असते, आणि एकाचे भिजवणे आटोपले की दुसऱ्याची पाळी लागते. संगणकाच्या तासास ज्यास 'लूप' म्हणतात ते याहून फारसे निराळे नाही. अर्जदारांची यादी एकेक नावाने वाचीत जावयाची, हे आवर्तन; अर्ज मंजूर असेल तरच पाळी लावावयाची, ही अट; आणि यादी संपली की थांबावयाचे.

१९६६ साली बोम आणि जाकोपिनी या दोघा इटालियन विद्वानांनी असे सिद्ध केले की, क्रमाने चालणे, अटीप्रमाणे वाट निवडणे आणि आवर्तन करणे या तीन गोष्टींतून कोणतीही आज्ञावली बांधता येते. तीनच गोष्टी! मग त्यांच्या सरावात वर्ष का घालवावे, असे पालक विचारतात. शिवाय हल्ली नुसते मराठीत सांगितले तरी यंत्रच आज्ञावली लिहून देते. मग मुलाने हा खटाटोप करावाच कशाला? हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही.

त्यास उत्तर म्हणून लीप वर्षाचे उदाहरण घेतो. आठवीच्या मुलांस मी लीप वर्ष ओळखण्याची आज्ञावली लिहावयास सांगितली. बहुतेकांनी एकच अट घातली: सालास चाराने निःशेष भाग गेला तर लीप. २०२४ घालून पाहिले, उत्तर बरोबर. २०२५ घातले, तेही बरोबर. मुले खूष झाली. पण नियम असा आहे की शंभराने भाग जाणारे साल लीप नव्हे, मात्र चारशेने भाग गेल्यास ते लीपच. म्हणून २००० साल लीप होते, १९०० नव्हते, आणि २१०० साल नसेल. १९०१ पासून २०९९ पर्यंत ही अपुरी अट एकदाही चुकत नाही. म्हणजे तिचा कर्ता जन्मभर आपणास शहाणा समजू शकेल! बरे, तिन्ही अटी लिहूनही त्यांचा क्रम बिघडला तर व्यर्थच. चाराचा प्रश्न आधी विचारून तेथेच निकाल दिला, तर शंभराच्या प्रश्नापर्यंत गाडी पोहोचतच नाही. मोठमोठ्यांच्या हातूनही हे घडले आहे. एक्सेल या हिशेबाच्या प्रणालीत १९०० सालच्या फेब्रुवारीस आजही २९ दिवस आहेत. लोटस या जुन्या प्रणालीतील ही चूक तिच्याशी मेळ राहावा म्हणून जाणूनबुजून तशीच ठेवली गेली.

आवर्तनात घोटाळा होतो तो बहुधा शेवटाशी. पायथन भाषेत एक ते दहा अशी मर्यादा घातली तर मोजणी नवावरच थांबते. साताचा पाढा त्रेसष्टावर संपतो आणि यंत्र चकार शब्द काढीत नाही. उलट, मोजणारा आकडा एकाने वाढविण्यास विसरले, तर सात एके सात हीच ओळ अखंड चालू राहते.

यंत्राने लिहून दिलेल्या आज्ञावलीत असे काही राहिले असेल तर ते ओळखणार कोण? ज्याने स्वतः शंभर वेळा चुकून पाहिले आहे तोच. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, पहिले सहा महिने मुलांनी संगणकास हात लावण्यापूर्वी वहीवर आज्ञावली चालवून पाहावी. घरी संगणक नाही म्हणून हळहळणाऱ्या पालकांनी खंत करू नये. या अभ्यासास पेन्सिल पुरते. वहीत तीन रकाने आखावेत: कितवी फेरी, आकड्याची किंमत काय, अट खरी की खोटी. प्रत्येक फेरीस एक ओळ. काम कंटाळवाणे आहे, हे मी नाकारीत नाही. पण आमच्या पिढीने पाढे घोकले तेव्हा तरी कोणास मौज वाटत होती?

गेल्या महिन्यात एका मुलीने असेच रकाने भरले. नवव्या फेरीपाशी ती थांबली, बोटावर मोजू लागली आणि म्हणाली, "सर, यात सत्तर येणारच नाहीत." तिच्या शेजारच्या मुलाचा संगणक त्या वेळी चालूच होता, त्याला अद्याप काही चुकल्यासारखे वाटले नव्हते.