संशोधनाचा विषय आपल्याच पेठेत



एम.कॉम. झालेल्या मुलाने वा मुलीने वित्त विषयात पीएच.डी. करण्याची इच्छा बोलून दाखविली, की व्यापारी घरात पहिला प्रश्न येतो : ‘पेढीला याचा उपयोग काय?’ प्रश्न गैर नाही. उमेदीची वर्षे खर्ची पडणार असतील, तर हिशेब मांडलाच पाहिजे. मात्र तो मांडताना साताऱ्याच्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण समोर असावे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना वंदन करतो. पण त्यांचे डॉक्टरेटचे दोन्ही प्रबंध अर्थव्यवहाराविषयी होते, याचे स्मरण सहसा राहत नाही. कोलंबिया विद्यापीठासाठी त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा विकास अभ्यासला, तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी रुपयाचा प्रश्न. हा दुसरा प्रबंध प्रथम फेरबदलासाठी परत आला आणि १९२३ मध्ये स्वीकारला गेला. प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्याच्या प्रस्तावनेत आपले मतभेद उघडपणे नोंदविले. अध्यापकाला न पटणारे मतही मान्य होते, ते पुराव्याच्या बळावर. संशोधनाची खरी शिस्त हीच.

असे प्रश्न आज आपल्याकडे नाहीत काय? साताऱ्यात १९३६ मध्ये स्थापन झालेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत विलीन झाली. १९१६ पासूनची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत गेली. दोन जिल्ह्यांनी आपल्या मानलेल्या दोन बँकांची नावे काही महिन्यांच्या अंतराने पुसली गेली. ज्या लहान दुकानदाराची पत शाखाधिकारी चेहऱ्यावरून ओळखत होता, त्याला पुढे कर्ज कोठून आणि कोणत्या दराने मिळाले? सांगलीच्या हळद बाजारात अडत्याकडून घेतलेली उचल शेतकऱ्याला बँकेच्या कर्जापेक्षा महाग पडते की स्वस्त? यांतील एकेक प्रश्न प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

या प्रश्नांच्या उत्तरांचा मोठा भाग आपल्या माळ्यावरील कीर्द-खतावण्यांत आहे. दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन होते आणि जुन्या वह्या रद्दीत जातात. त्यांच्याबरोबर एका पेठेचा आर्थिक इतिहासही जातो. ग्राहकांची नावे झाकून त्या अभ्यासकाच्या हाती देणे हेही विद्यादानच होय.

सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान काळ तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षांचा आहे. स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. नोकरी करणाऱ्यांना अर्धवेळ नोंदणीचीही तरतूद आहे. सून वा लेक संसार सांभाळून अभ्यास करू इच्छित असेल, तर नियम तिच्या आड येत नाहीत. घरानेही येऊ नये.

केवळ नावामागे ‘डॉक्टर’ लागावे म्हणून मात्र या वाटेला जाऊ नये. आधी प्रश्न सापडावा, मग मार्गदर्शक शोधावा. प्रश्न खरा असेल, तर पेढीला उपयोग काय, हे निराळे सांगावे लागत नाही. आपल्या पेठेत पैसा कसा आला, कोठे अडला आणि कोणापर्यंत पोहोचलाच नाही, हे जाणणारा माणूस घरात असणे, हीच पेढीची मोठी पुंजी.