बारा क्विंटल सोयाबीनचा कॉम्प्युटर

खामगाव असो, चिखली असो की मलकापूर, दुकानात जाऊन ‘गेमिंगचा पीसी दाखवा’ म्हटलं की बहुतेक वेळा आधी काचेचं कॅबिनेट पुढे येतं. आत लाल-निळे दिवे फिरत असतात आणि काचेवर कागद चिकटवलेला असतो : आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड. किंमत ऐकून बाप खूश होतो. पोरगं दिवे बघूनच खूश झालेलं असतं. आय-सेव्हन कितव्या पिढीचा, हे मात्र त्या कागदावर नसतं. खोदून विचारलं तर पुष्कळदा निघतो कोअर आय-७ २६००, जानेवारी २०११ मध्ये बाजारात आलेला. आणि ४ जीबीचं कार्ड निघतं जीटी ७३०, २०१४ सालचं, त्यातही हळू डीडीआर-३ मेमरीचं. कार्डावर किती जीबी आहेत यावरून त्याचा वेग कळत नाही. पण पाटीवर तो आकडा भारदस्त दिसतो, म्हणून विकला जातो तोच.

इंटेलचा कोअर आय-३ १२१००एफ २०२२ मध्ये आला. कोअर मालिकेतली ही सगळ्यात खालची पायरी. त्यालाही त्या जुन्या आय-सेव्हनइतकेच, चार कोअर आणि आठ थ्रेड. पण मधल्या अकरा वर्षांत तंत्र इतकं पुढे गेलं की खेळात तो त्याला सहज मागे टाकतो. तरी ‘आय-थ्री’ म्हटलं की आपलं गिऱ्हाईक नाक मुरडतं. मग एकट्या दुकानदाराला दोष देऊन काय उपयोग?

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात असा खर्च नुसता रुपयांत मोजून भागत नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ठरला ५,३२८ रुपये क्विंटल. मोठे गेम नीट चालतील असा साठ-पासष्ट हजारांचा कॉम्प्युटर म्हणजे बारा क्विंटल सोयाबीन, आणि तेही हमीभाव पदरात पडला तर. चुकीच्या जागी दहा हजार गेले की जवळजवळ दोन क्विंटल गेले. ‘अभ्यासाला पाहिजे’ हे पोराचं म्हणणं अगदीच खोटं नसतं. शेगावच्या गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला थ्रीडी मॉडेल बनवायचं असलं तर जे कार्ड गेमला लागतं तेच तिथेही राबतं. म्हणूनच ‘गेम खेळायला कशाला एवढा खर्च’ म्हणून विषय झटकून टाकणाऱ्या बापांशी माझं जमत नाही. खर्च करावा, पण तो कुठे जातोय ते बघून करावा.

माझं मत विचाराल तर कोटेशन मॉनिटरपासून लिहायला घ्यावं. आपल्याकडे मॉनिटर सगळ्यात शेवटी येतो, उरलेल्या पैशांत. हे उलटं आहे. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. फोर-के पडद्यावर बरोबर त्याच्या चौपट, ८२ लाख ९४ हजार. कार्डाला प्रत्येक चित्रासाठी एवढे ठिपके रंगवायचे असतात. पडदा फुल एचडीच ठेवायचा असेल तर फोर-केसाठी बनवलेलं कार्ड घेण्यात काही अर्थ नाही. तसंच ६० हर्ट्‌झचा पडदा सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. कार्ड दीडशे काढत असलं तरी वरची नव्वद तुम्हाला दिसत नाहीत. व्हॅलोरंटसारखा नेमबाजीचा खेळ असेल तर १४४ किंवा १६५ हर्ट्‌झचा पडदा घ्या, त्याचा फरक डोळ्यांना खरंच कळतो. सावकाश गोष्ट उलगडत जाणारे खेळ असतील तर ७५ हर्ट्‌झही चालेल.

पडदा ठरला की बाकीचं आपोआप आवाक्यात येतं. फुल एचडीसाठी सहा कोअरचा रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय-५ १२४००एफ पुरतो. दोन्ही २०२२ चे आहेत, म्हणून तर स्वस्त पडतात. कार्ड आरएक्स ६६०० च्या तोडीचं, ८ जीबीचं, त्या पट्ट्यात जे मिळेल ते. एकूण पैशातला सगळ्यात मोठा वाटा कार्डाचा असावा; प्रोसेसर कार्डापेक्षा महाग झाला असेल तर कोटेशन परत करा. पाण्याने थंड होणारा कूलर या प्रोसेसरना लागत नाही, डब्यातून पंखा येतो तो पुरे. झेड मालिकेचा बोर्ड ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांसाठी असतो. बी मालिकेचा घ्या. सगळ्यात वेगवान एसएसडीने गेम उघडायला काही सेकंद कमी लागतात, खेळताना काही फरक पडत नाही. दिव्यांबद्दल काय बोलणार! ज्याला आवडतात त्याने लावावेत, पण कार्डाचे पैसे कापून नव्हे.

टाळेबंदीच्या वर्षात अनेक घरांत ऑनलाइन शाळेसाठी रायझन ३ ३२००जीचा कॉम्प्युटर आला होता. त्यांच्यासाठी तर याहूनही स्वस्त वाट आहे. त्यातला बोर्ड बी४५० असेल तर बहुतेक वेळा बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसतो. रॅम तीच, एसएसडी तीच. नवा प्रोसेसर, नवं कार्ड आणि एसएमपीएस, एवढ्यावर काम भागतं. नवा संच विकण्याऐवजी हे सुचवणारा दुकानदार भेटला तर त्याला सोडू नका.

रॅमचं मात्र सध्या अवघड झालंय. २०२५ च्या अखेरीपासून तिच्या किमती भडकल्यात. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीला जास्त पैसा मिळतो, म्हणून कारखाने तिकडे वळले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी डीडीआर-५ च्या मागे लागण्यापेक्षा डीडीआर-४ च्या बोर्डावर जुन्या पट्ट्या वापरणं शहाणपणाचं. १६ जीबी घ्यायची तर ८-८ च्या दोन पट्ट्या घ्या. एकच १६ ची लावली तर प्रोसेसर आणि मेमरीमधला रस्ता निम्मा होतो. ग्राफिक्स कार्ड न घेता ५६००जीसारख्या प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला तर हा फटका फार जाणवतो.

आता विनापैशाच्या वेगाबद्दल. मेहकरला ओळखीच्या एका घरी नवा कॉम्प्युटर बघायला बोलावलं होतं. कार्ड चांगलं, पण गेम अडखळत होता. पोरगा वैतागलेला, आणि माय विचारत होती, ‘काऊन, फसवलं का दुकानवाल्यानं?’ कॅबिनेट फिरवून मागे पाहिलं. मॉनिटरची केबल वरच्या बाजूला, मदरबोर्डाच्या भोकात खोचलेली होती. ग्राफिक्स कार्डाची भोकं खाली, आडवी. त्यांची प्लास्टिकची टोपणंही काढलेली नव्हती. पंचवीस हजारांचं कार्ड आत नुसतं बसून होतं आणि खेळ चालला होता प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर. केबल खाली लावली, टोपणं कचऱ्यात टाकली, प्रश्न मिटला. त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी केल्या. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केलं, कारण ते बंद असलं की ३२०० ची रॅमही कमी वेगाने धावते. आणि विंडोजच्या डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ६० वर अडकलेला मॉनिटर १४४ वर नेला. जोडणी करून देणाऱ्याने ही कामं गिऱ्हाइकासमोर करून दाखवायला हवीत. त्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

साठ हजारही जड वाटत असतील तर जुन्या ऑफिस कॉम्प्युटरचा विचार करा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला तेव्हापासून कंपन्यांनी मोडीत काढलेला माल बाजारात भरपूर आहे. घेताना इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच घ्या. सहाव्या-सातव्या पिढीला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. या डब्यांचा एसएमपीएस कंपनीच्या खास मापाचा असतो, त्यात मोठं कार्ड चालत नाही. त्यावर उतारा आरटीएक्स ३०५० चा ६ जीबीचा प्रकार. तो ७० वॉटवर चालतो, म्हणून बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. डबा सडपातळ असेल तर बुटक्या मापाचं कार्ड मागा. जीटीए ५ आणि व्हॅलोरंट त्यावर मजेत चालतात.

सुटं जुनं कार्ड घेणं ही वेगळी जोखीम. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं कार्डांवरचं मायनिंग थांबलं आणि रात्रंदिवस तापलेली कार्डं ढिगाने विक्रीला आली. त्यातली अजून फिरतायत. समोर अर्धा तास भार देऊन चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि मूळ बिल मागा. काही कंपन्या वॉरंटी सिरीयल नंबरवर देतात, काहींना बिल लागतंच.

पुण्या-मुंबईच्या जाणकारांचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण आपला उन्हाळा. घाटावर बुलडाण्यात थोडं बरं असतं. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावला मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. तिथे समोर सलग काच असलेलं कॅबिनेट म्हणजे भट्टी. जाळीचं घ्या, ते बहुधा स्वस्तही असतं. डेझर्ट कूलरच्या झोतात कॉम्प्युटर ठेवू नका. त्या हवेत ओल असते, धूळ त्यावर चिकटून पंख्यात गोळे होतात. जिनिंगजवळ राहणाऱ्यांच्या घरी त्यात रुईचे तंतूही येतात. कार्डाचं व्होल्टेज थोडं खाली आणलं की ते कमी तापतं आणि वेग जवळपास तेवढाच राहतो. यूट्यूबवर मराठी-हिंदीत हे दाखवलेलं सापडतं. उन्हाळ्यापुरतं तरी करावंच.

ऑनलाइन घ्यावं की गावात? प्रोसेसर आणि रॅम सहसा जळत नाहीत, ती जिथे स्वस्त मिळतील तिथून घ्या. बोर्ड आणि एसएमपीएस गावातून, पक्क्या बिलावर. बिघडलेली वस्तू जिल्ह्याबाहेर पाठवून महिनाभर पाठपुरावा करायला दुकानदार असणं हजार-पाचशेच्या बचतीपेक्षा मोलाचं आहे.

एसएमपीएसवर मात्र एक रुपयाही वाचवू नका. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ येणाऱ्या डब्यावर ४५० वॉट छापलेलं असतं. बाजूचं लेबल वाचा. कार्ड आणि प्रोसेसर बारा व्होल्टच्या लाइनवर चालतात. तिथे १८ अँपिअर लिहिलं असेल तर बारा अठरा दोनशे सोळा, म्हणजे खरे २१६ वॉट. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ३६ अँपिअरच्या आसपास आकडा दिसतो. आपल्याकडे वीज येते-जाते, व्होल्टेज वरखाली होतं. तकलादू एसएमपीएस मरताना बोर्डाला आणि कार्डाला घेऊन मरतो. घरात अर्थिंग आहे का तेही वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते नाही. यूपीएसचंही गणित बघा : ६०० व्हीएच्या यूपीएसमधून साधारण ३६० वॉट मिळतात, तेवढ्यात गेम बंद करून कॉम्प्युटर नीट बंद करता येतो, पुढे खेळता येत नाही.

तेव्हा या दिवाळीत दुकानात जाल तेव्हा कोटेशनवर तीन गोष्टी नावानिशी लिहून मागा : प्रोसेसरचा पूर्ण नंबर, ग्राफिक्स कार्डाचं मॉडेल, एसएमपीएसची कंपनी आणि मॉडेल. ‘आय-सेव्हन’, ‘४ जीबी कार्ड’, ‘४५० वॉट’ एवढंच लिहून देत असेल, तर चहा प्या आणि शेजारच्या दुकानात जा.