हळू चालवणारा पुढे

"लांबच्या ट्रिपला कुठली बाईक बरी रे?" हा प्रश्न मला ऑफिसच्या कँटीनमध्ये महिन्यातून एकदा तरी विचारला जातो. इंजिन, मायलेज, सीट यावर मग तासभर गप्पा. पण मंडळी, माझं आता ठाम मत झालंय की हा प्रश्न दुय्यम आहे. दोघं निघणार असाल तर खरा प्रश्न एकच: पुढे कोण राहणार?

झालं असं. गेल्या मार्चअखेरीस मी आणि एक जुना मित्र (इथे त्याला बंड्या म्हणू) पुण्याहून जैसलमेरला गेलो. एका बाजूचं अंतर बाराशे किलोमीटरच्या वर. माझी बाईक ३५० सीसी. बंड्याची १२५, रोज ऑफिसला नेतो तीच. मी पुढे, तो मागे, असं न बोलताच ठरून गेलं. पालीहून जोधपूरला जाताना ओम बन्नांचं ठाणं लागतं. १९८८ साली अपघातात गेलेल्या तरुणाची बुलेट तिथे काचेत ठेवलीय आणि येणारेजाणारे तिच्यापुढे सुखरूप प्रवासासाठी हात जोडतात. आम्हीही जोडले. मग मी किक मारली आणि पुन्हा पुढे. तेव्हा काहीच खटकलं नाही.

जैसलमेरहून तनोटला जायचं होतं. सुमारे १२० किलोमीटर. सकाळी सहाला निघायचं ठरलेलं, पण माझाच ऑफिसचा एक कॉल लांबला आणि निघेपर्यंत अकरा वाजले. मग वेळ भरून काढायला मी बाईक दामटली. रामगडपर्यंत पवनचक्क्यांची सोबत होती. पुढे नुसता सरळ रस्ता, कडेला खुरटी झुडपं आणि डांबरावर आलेली वाळू. सॉलिड मजा येत होती.

आरशात हेडलाईट दिसत नाही हे लक्षात आलं तेव्हा किती वेळ झाला होता, देव जाणे. थांबलो. येईल म्हटलं. दहा मिनिटं गेली. मोबाईलला रेंज नाही. मागे फिरलो.

चौदा किलोमीटर मागे एका खेजडीच्या सावलीत बंड्या पडला होता. उलटी झालेली, डोळे अर्धवट मिटलेले. शेळ्या चारणारे एक आजोबा त्याच्या मानेवर ओलं फडकं ठेवत होते. त्यांनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "साथ में हो?"

मी हो म्हटलं. आयुष्यात इतकं खोटं क्वचित बोललो असेन.

वाळवंटातलं ऊन फसवं असतं. कोरड्या हवेत घाम येताक्षणी उडून जातो. शर्ट कोरडा, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे, आणि आत पाणी संपत असतं. पारा पस्तिशीच्या बराच वर गेला की हवा कातडीपेक्षा गरम होते, मग वेगाचा वाराही गार लागत नाही. बंड्याला रामगडच्या आधीच गरगरत होतं. मग बोलला का नाही? नंतर विचारलं तर म्हणाला, "तू प्रत्येक स्टॉपला विचारायचास रे, 'बरंयस ना?' पण हेल्मेटचा पट्टा लावता लावता."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. पट्टा लावून विचारलेल्या प्रश्नाला 'हो' हेच उत्तर असतं. मीटिंग संपताना लॅपटॉप मिटत "कुणाला काही अडचण नाही ना?" विचारणारे आपण सगळे हेच करतो. टीममधल्या नव्या पोराची अडचण मग थेट रिलीजच्या आदल्या रात्री कळते.

काही रायडर मित्र म्हणतात, ज्याने त्याने आपापल्या वेगाने जावं, पुढच्या चहाला भेटावं. पुणे-सातारा रस्त्यावर मान्य, तिथे दर चार किलोमीटरला चहा आहे. पण जिथे पुढचा चहा ५० किलोमीटरवर आहे, तिथे 'आपापला वेग' म्हणजे मागच्याला वाऱ्यावर सोडणं.

आजोबांनी आणि ओआरएसच्या पाकिटांनी वेळ निभावली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर हळूहळू रामगडला आलो, दवाखान्यात दाखवलं, एक दिवस नुसता आराम. तिसऱ्या दिवशी पहाटे निघालो तेव्हा बंड्या पुढे होता. ताशी पन्नास. पहिला अर्धा तास माझा जीव गेला, खोटं कशाला बोलू! मग हळूहळू मोर दिसले, रस्ता ओलांडणारे उंट दिसले. आदल्या खेपेला हे सगळं असणारच, मी फक्त स्पीडोमीटर बघत होतो. तनोटला १९६५ च्या युद्धात पडलेले न फुटलेले बॉम्ब देवळात मांडून ठेवलेत, ते बघितले. १९७१ ची लढाई झाली त्या लोंगेवालालाही जाऊन आलो. बंड्याला हवं तिथे थांबलो.

आता माझे नियम साधे आहेत. लहान इंजिन पुढे. अकरा ते चार सावलीत. तब्येत विचारायची ती हेल्मेट काढून, खाली बसून.

परतताना ओम बन्नांकडे पुन्हा थांबलो. या वेळी हात जोडून झाल्यावर मी किक मारली नाही. बंड्याची बाईक निघायची वाट बघितली.