नळी घालायची वेळ येण्याआधी

माझ्या वडिलांची, अण्णांची, लघवी अडली ती एसटीत, एका लग्नाला जाताना. दोन दिवस सर्दीच्या गोळ्या चालू होत्या, चार तासांचा प्रवास होता, आणि गाडीत सगळे भाऊबंद, म्हणून ते बोललेच नाहीत. उतरलो तेव्हा ओटीपोट दगडासारखं लागत होतं. रात्री एका रुग्णालयात नळी घातली, तेव्हा लिटरभर लघवी निघाली आणि अण्णा पहिल्यांदाच माझ्यासमोर रडले. पुढचे पाच महिने ते पायजम्याच्या आत पिशवी बांधून वावरले, कारण ‘वय झालंय, महिन्याला नळी बदलून घ्या’ यापलीकडे त्यांना कोणी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

१. ‘वय झालं’ हे निदान नव्हे.
प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीला वेढून बसलेली ग्रंथी. तरुणपणी तिचं वजन वीसेक ग्रॅम असतं. पुढे ती वाढते. साठीपर्यंत साधारण निम्म्या पुरुषांत ही वाढ दिसते, ऐंशीच्या पुढे बहुतेकांत. म्हणजे हा त्रास घरोघरी आहे, पण घरोघरी आहे म्हणून तो सोसत राहायचा हे कुठून आलं? धार बारीक होणं, सुरू व्हायला वेळ लागणं, रात्री तीन-चारदा उठणं, शेवटी थेंब थेंब राहणं, याकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं की मूत्राशय थकतो, त्यात खडे होतात, जंतुसंसर्ग होतो आणि कधी कधी मूत्रपिंडापर्यंत इजा पोहोचते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सर होत नाही. पण एकाच ग्रंथीत दोन्ही असू शकतात, म्हणून तपासणी हवी. लघवीत रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नये.

२. प्रश्न विचारणारा माणूस हवा.
या त्रासाची तीव्रता मोजायला जगभर सात प्रश्नांची एक साधी पट्टी वापरतात. एकूण गुण ३५. सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीसपासून पुढे तीव्र. आठवा प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो: उरलेलं आयुष्य असंच काढायचं असेल तर तुम्हाला कसं वाटेल? आपल्याकडे तिशीपुढच्यांची बीपी-शुगर तपासणी होते. साठीपुढच्या पुरुषांना त्याच टेबलावर हे प्रश्न विचारायला यंत्रही लागत नाही. मात्र हे काम आशाताईंवर टाकू नये. गावातला म्हातारा माणूस सुनेच्या वयाच्या बाईला हे सांगणार नाही. ते पुरुष आरोग्य सेवकाने बाजूला घेऊन विचारावं. वारंवार लघवी होण्यामागे मधुमेहही असतो, तेव्हा शुगर तिथल्या तिथे पाहता येईल.

३. गोळ्यांची माहिती गोळ्यांबरोबर द्या.
त्रास सौम्य असेल तर औषधाशिवायही भागतं: झोपण्याआधी दोन-तीन तास पाणी-चहा कमी, दारू बंद, लघवी अडवू शकणारी सर्दीची गोळी मनाने घ्यायची नाही. पण दिवसभराचं पाणी तोडू नये. मराठवाडा-विदर्भातल्या उन्हाळ्यात लघवीच्या भीतीने पाणी न पिणारे म्हातारे मी पाहिले आहेत. त्यातून मूतखडा आणि उन्हाळी लागणं हे वेगळंच दुखणं मागे लागतं.

औषधांचे मुख्य गट दोन. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन ही औषधं मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात. काही दिवसांत फरक कळतो, पण ग्रंथी लहान होत नाही. चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना आधी खाटेवर बसावं, मग उभं राहावं. फिनास्टेराइड आणि ड्यूटास्टेराइड ग्रंथी आकसवतात, पण त्याला तीन ते सहा महिने लागतात. दुसऱ्याच महिन्यात ‘गुण नाही’ म्हणून औषध सोडणारे खूप, कारण हे कोणी सांगितलेलंच नसतं. या गोळ्यांनी रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या तपासणीत मोजतात तो घटक, साधारण निम्मा होतो. त्यामुळे कॅन्सरची शंका पाहताना आकडा दुप्पट धरावा लागतो, आणि तपासणाऱ्याला गोळी चालू असल्याचं माहीत असावं लागतं. ग्रंथी मोठी असेल तर दोन्ही औषधं मिळून जास्त काम करतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात तीन हजारांवर पुरुषांना सरासरी साडेचार वर्षं पाहिलं, तेव्हा जोड-उपचाराने त्रास वाढत जाण्याचा धोका दोन तृतीयांश कमी झाला. टॅडालाफिलही या त्रासावर देतात, पण छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने ते कधीही घेऊ नये.

टॅमसुलोसिन जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतं. दर महिन्याला लागणाऱ्या गोळीला किमतीतला फरक फार असतो.

४. मोतीबिंदूच्या शिबिरात एक प्रश्न वाढवा.
टॅमसुलोसिनसारख्या औषधाने डोळ्यातलं बुबुळ लुळं पडतं आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत अडचण येते. सर्जनला आधी कळलं तर तो तयारी ठेवतो. डोळ्यांच्या शिबिरात येणारे आणि या गोळ्या घेणारे एकाच वयाचे असतात. केसपेपरवर ‘लघवीची गोळी चालू आहे का?’ एवढं छापायला काही खर्च नाही.

५. शस्त्रक्रिया कोणती, हे रुग्णाला समजलं पाहिजे.
पुष्कळांच्या मनात अजून पोट उघडून केलेलं जुनं ऑपरेशन आहे, म्हणून ते शेवटपर्यंत टाळतात. दुर्बिणीतून ग्रंथी आतून खरवडून काढायची टीयूआरपी आता जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. सलाइन वापरून करायच्या नव्या पद्धतीत तिचा जुना धोका, रक्तातलं सोडियम उतरण्याचा, टळला आहे. होल्मियम लेझरने ग्रंथीचा वाढलेला भाग, फळाचा गर सालीपासून सोडवतात तसा, वेगळा करतात. ग्रंथी कितीही मोठी असली तरी हे चालतं, रक्तस्राव कमी होतो आणि नळी बहुधा एक-दोन दिवसांत निघते. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांना याचा विशेष उपयोग. क्लिप बसवणं, वाफेने ग्रंथी आकसवणं, तिची रक्तवाहिनी बंद करणं हेही पर्याय आहेत, पण ते मोठ्या शहरांत आणि खर्चाचे.

एक गोष्ट डॉक्टर आणि रुग्ण दोघेही संकोचाने टाळतात. टीयूआरपी किंवा लेझरनंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. त्याने प्रकृतीला अपाय नाही आणि सहसा ताठरताही जात नाही. पण हे आधी न सांगितलेला माणूस, पासष्टीचा असला तरी, मनातून खचतो. सही घेण्याआधी हे मराठीत, समोर बसून सांगावं, आणि त्याची इच्छा असेल तर बायकोलाही सांगावं.

६. पैशाचं कारण पुढे येऊ नये.
महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, आणि २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये सत्तर आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी या योजनांचं कार्ड चालेल का, हा प्रश्न नळी बदलायला आलेल्या प्रत्येकासाठी रुग्णालयाने स्वतः सोडवावा. अण्णांचं वय तेव्हा ७३ होतं.

७. एसटी थांबली पाहिजे.
२०२२ पासून राज्याने पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत केला. चांगलं केलं. पण त्याच वयाला तासाभराने लघवीला जावं लागतं. मुंबईत बायकांनी ‘राइट टू पी’ची चळवळ उभी करून हा विषय उघड्यावर आणला. बायकांची अडचण पुरुषांपेक्षा मोठी आहे हे मान्य करूनच सांगतो, म्हाताऱ्या पुरुषांनीही त्यांच्या पाठीशी उभं राहावं. प्रत्येक स्थानकात स्वच्छ, दांडी लावलेलं, उजेडाचं स्वच्छतागृह हवं, आणि ‘मास्तर, जरा थांबवा’ म्हणणाऱ्यासाठी गाडी थांबवायची लेखी मुभा कंडक्टरला हवी.

८. नळी घातली की ती काढायची तारीखही लिहा.
लघवी अडल्यावर नळी घालणं हा पहिला तास सावरण्याचा इलाज आहे. मग टॅमसुलोसिनसारखं औषध सुरू करायचं, काही दिवसांनी नळी काढून लघवी होते का पाहायचं, आणि नाही झाली तर शस्त्रक्रियेसाठी मूत्रविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं. हे तालुक्याच्या रुग्णालयात जमण्यासारखं आहे. नळी घालणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने घरी पाठवताना कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: कोणती गोळी, नळी काढून पाहायची तारीख, आणि तरी न झाल्यास कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी जायचं. अण्णांच्या कागदावर फक्त नळीचा नंबर होता.