फुकटचा स्टुडिओ

चिपचं घराणं बदलायचं ठरलं की आमच्याकडची तरुण मंडळी चिपकडे नंतर बघतात. आधी तिच्याबरोबर फुकट काय येतं ते बघतात. या रिवाजाला माझा सक्त विरोध आहे, आणि तो मी अमरावतीला बसून अकोल्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात नोंदवत असतो.

अकोल्याला एवढ्यासाठी, की आमच्या साडभाऊंचा तिथल्या एमआयडीसीत एक लहानसा कारखाना आहे. शेतातल्या पंपाचे स्टार्टर तिथं तयार होतात. त्या डब्यात मायक्रोकंट्रोलर असतो, म्हणजे नखाएवढ्या तुकड्यात मावलेला अख्खा संगणक. तीन फेज धड आहेत की नाहीत हे बघणं आणि विहिरीतलं पाणी संपलं की मोटर बंद करणं, एवढं त्याचं काम. शेतीची वीज कधी दिवसा येते, कधी रात्री दोनला. एक फेज गेली आणि डबा गाफील राहिला तर मोटर जळते. मग वरुडच्या संत्र्याला पाणी काय चिपवाली कंपनी घालणार?

हे डबे वर्षानुवर्षं 8051 या घराण्यावर चालले. इंटेलनं 1980 साली काढलेलं हे घराणं आपल्याकडे इंजिनियरिंगच्या पिढ्यान्पिढ्यांनी घोकलं आहे. 2021 साली जगभर चिपांचा दुष्काळ पडला तेव्हा साडभाऊंनाही हव्या त्या चिपा मिळेनात, आणि एआरएमच्या घराण्यात सोयरीक करायची ठरली. इथवर माझी हरकत नाही. पण भाचा म्हणाला, “काका, कंपनी स्टुडिओ फुकट देऊन राह्यली ना!”

स्टुडिओ म्हणजे प्रोग्राम लिहिणं, तो चिपला कळेल असा करणं, आत भरणं आणि चुका शोधणं, सगळं एका छपराखाली. थोडक्यात सासूचं स्वयंपाकघर! सगळं हाताशी, पण डबे तिच्या क्रमानं लावलेले. तिथं पाच वर्षं राबलं की दुसरीकडे मीठसुद्धा सापडत नाही.

जुन्या घरी हेच झालं होतं. 8051 साठी कायलच्या कंपायलरमध्ये ‘एसबिट’ असा एक शब्द आहे, चिपच्या एकेका पायाला नाव देण्यासाठी. मोठा सोयीचा शब्द. पण तो सी भाषेतला नव्हे, त्या घरचा. एआरएमच्या कंपायलरपुढे तो उच्चारलात, तर पुण्याच्या हॉटेलात “मले एक च्या देजो बाप्पा” म्हटल्यावर पोऱ्याचं होतं तसं त्याचं तोंड होतं. साडभाऊंच्या प्रोग्राममध्ये असले शब्द पानोपानी. फेज तपासायचं सोपं गणित त्यांच्यात असं गुंतलेलं, की सोडवता सोडवता आमच्या भाच्याचे दोन महिने गेले.

आणि या सासवा तरी कुठं स्थिर आहेत? 2015 साली फ्रीस्केल एनएक्सपीच्या घरात गेली, पुढे दोघींचे जुने स्टुडिओ मागं पडून एमसीयूएक्सप्रेसो आला. 2016 साली एटमेल मायक्रोचिपनं घेतली, तिच्या स्टुडिओचं नाव बदललं. 2017 च्या अखेरीस एसटीनं अटोलिक घेतली आणि 2019 साली नवा स्टुडिओ मांडला. शेतकऱ्याचा पंप मात्र विहिरीवर तोच!

म्हणून माझं म्हणणं असं. मोटर कधी चालू, कधी बंद, हे गणित साध्या सी भाषेच्या फायलीत राहू द्या. त्यात कंपनीचा एकही शब्द नको. चिपचे पाय हलवणारं तेवढं वेगळ्या फायलीत. पाय जुळवायचं चित्र कंपनीच्या स्टुडिओत काढा, खुशाल काढा, तिथं तो खरंच कामाचा आहे. बांधणी मात्र जीसीसीनं करा. 1987 सालापासूनचा हा कंपायलर कुठल्याच चिप कंपनीच्या मालकीचा नाही. गंमत म्हणजे एसटीच्या त्या देखण्या स्टुडिओच्या पोटातही तोच बसला आहे. बांधणीच्या आज्ञा एका मेकफाइलमध्ये लिहिल्या, की कारखान्यातला संगणक उन्हाळ्यात बसला तरी दुसऱ्यावर तोच प्रोग्राम बांधता येतो.

“अन् चुका कशा शोधाच्या?” भाच्याचा शेवटचा बाण. ओपनओसीडी आणि जीडीबी आहेत की, तेही फुकटच!

“पण काका, त्याच्यात रंगीत खिडक्या नाहीत.”

रंगाची एवढी हौस असेल, तर स्टार्टरचा डबा रंगव म्हणावं.